फॅमिली रूममधले दोन गिलास

वारंगा फाट्यावरच्या ज्या परमिट रूममध्ये मी मॅनेजर होतो, तिच्या मागच्या अंगाला एक फॅमिली रूम होती. हिरवा पडदा, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि काउंटरच्या मागून ताटं सरकवायला भिंतीत केलेली लहानशी खिडकी. शेठनं हौसेनं रंगाऱ्याकडून 'स्वतंत्र फॅमिली रूम' असा बोर्ड लिहून घेतला होता. पण बायको-लेकरं बरोबर असलेला माणूस शेजारच्या हॉटेलात खिचडी खायचा आणि नांदेडकडे निघून जायचा. आमच्या पडद्याआड माझ्या सगळ्या नोकरीत एकच कुटुंब बसलं. थावरूकाका आणि त्यांची बायको झमकूबाई. रोज दिवेलागणीला.

झमकूबाई ती खोली बांधायच्या आधीच वारल्या होत्या.

काका पहिल्यांदा आले तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. पांढरं धोतर, डोक्याला लाल पटका, खांद्यावर टॉवेल. जवळच्याच तांड्यावरचे. सरकारी रस्त्यावर मैलकुली म्हणून त्यांनी जन्म काढला होता, म्हणजे नेमून दिलेल्या तुकड्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं आणि उन्हाळ्यात डांबर ओतायचं. निवृत्त झाले तरी त्या तुकड्याला ते 'माझा रस्ता' म्हणत. एखादा ट्रक जोरात गेला की घराच्या ओसरीवरून कोणी चपला घालून गेल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

आत येऊन ते पडद्यापाशी उभे राहिले आणि खोकले. तो खोकला खोटा होता. नाटकात पडद्यामागून खोकतात तसा.

"मॅनेजर, सर्दी झाली. औषध द्या. लाल बुचाचं. गरम पाणी. आन् गिलास दोन."

लाल बुचाचं म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत स्वस्त ब्रँडी. मी म्हणालो, "काका, बाहेर बसा. ही फॅमिली रूम आहे."

"मंग? मी काय सडाफटिंग दिसून राहिलो का तुमाला?"

ते आत गेले. समोरची खुर्ची ओढून टॉवेलानं झटकली, थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले, आणि एखादी बाई पदर सावरून नीट बसल्यावर बसावं तसे मग आपण बसले. मी बोर्डाकडे पाहिलं. फॅमिली म्हणजे किती माणसं, आणि कुठल्या अवस्थेतली, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं.

पुढे तो रोजचा नेम झाला. भर मे महिन्यात, पंख्याखाली गिऱ्हाइकं घामानं निथळत असतानाही काका आधी खोकायचे आणि मगच औषध मागायचे. 'दारू' हा शब्द मी त्यांच्या तोंडून आमच्या ब्रँडीबद्दल कधी ऐकला नाही. दारू म्हणजे बाकी सगळं. व्हिस्की ही त्यांच्या मते 'साहेब लोकायची, पाव्हण्याला दाखवायची'. रम 'मिल्ट्रीची'. जिन त्यांना एकदा कोणी पाजली तर म्हणाले, "हे तर उदबत्ती धुतलेलं पाणी हाये." फाट्यावरचे ट्रकमालक गंमत म्हणून त्यांना महागाचा पेग पुढे करत. काका गिलास नाकाशी नेत, मान हलवत आणि परत देत. "चांगली हाये. पण मुकी हाये. हिच्यानं कोणी येत न्हाई."

"कोण यायला पाहिजे, काका?"

"तुमाला काय तकलीफ? ज्याचं माणूस त्याला ठाऊक."

ब्रँडीचं त्यांनी मला एका श्रावणात सांगितलं, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. विलास, त्यांचा एकुलता मुलगा, रस्त्याच्या कडेला कामावरच्या पत्र्याच्या पालात जन्मला. थंडी होती. सुईणीनं सांगितलं, बाळंतिणीला गरम पाण्यातून ब्रँडी द्या, अंगात ऊब राहील. काकांनी तोवर थेंबाला हात लावला नव्हता. लाजत दुकानातून लाल बुचाची बाटली आणली. झमकूबाईंनी गिलास पाहिला आणि तोंड फिरवलं.

"म्हणली, मी एकटी पिऊ का? मी काय दारुडी हाये? मंग म्या दुसरा गिलास भरला. म्हणलं, मला बी सर्दी हाये. आन् खोकलो." काका हसले. "सव्वा महिना सर्दी हाटली न्हाई आमची."

नंतर डांबराच्या दिवसांत दोघांचे घसे धुरानं धरायचे, तेव्हा पुन्हा बाटली आली. मग पगाराच्या दिवशी. मग अशीच. लेकरू निजलं की पालामागं दगडावर दोन गिलास. झमकूबाई डावखुऱ्या होत्या आणि कोणाच्या देखत पीत नसत; नवऱ्यालाही पाठ फिरवायला लावत. काका रस्त्याकडे तोंड करून बिडी ओढायचे आणि मागे गिलास दगडावर टेकल्याचा आवाज झाला की वळायचे.

आमच्याकडेही तेच चालायचं. दोन्ही गिलास भरून, समोरचा जरा पलीकडे सरकवून काका उठायचे. "मी बिडी वढून येतो," असं रिकाम्या खुर्चीला सांगायचे, पडदा नीट ओढायचे आणि समोर मैलाच्या दगडापाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. परत येईपर्यंत समोरचा गिलास रिकामा झालेला असायचा.

रोज.

ही गोष्ट फाट्यावरून कळमनुरीपर्यंत आणि तिथून कुठे कुठे गेली. जीपवाले सांगायचे, वारंग्याला एका बाईचं भूत ब्रँडी पितं. लोक चहाच्या निमित्तानं आत डोकवायचे. आजही त्या भागात हे सांगणारी माणसं भेटतात, आणि त्यातली काही मला वर ठासून सांगतात की तुमी तर मॅनेजर होते, तुमी पाहिलंच असंल.

पाहिलं होतं. तो गिलास मी पीत होतो.

मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी दारू सोडली होती, आणि पोटापाण्याला परमिट रूम सांभाळत होतो. पहिल्या दिवशी त्या खिडकीतून भरलेला गिलास पाहिला, वाफ येत होती. काका लांब उभे होते. मी हात घातला आणि एका दमात पिऊन गिलास जागेवर ठेवला. माझी मी समजूत घातली की हे मी माझ्यासाठी ओतलेलं नाही, हा नैवेद्य आहे. तोंडात लवंग होतीच; दारू सोडल्यापासून ती मी सतत चघळायचो. काका आत आले, रिकामा गिलास पाहिला, आणि खाली बसून टॉवेलानं डोळे पुसले. त्यानंतर खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई आली नाही तर या माणसाचं काय होईल, असं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशीही ब्रँडी गरम होती.

असं असूनही त्या खोलीची मला भीती वाटायची, हे कोणाला पटणार नाही. भूत मीच होतो, हे मला ठाऊक होतं. पण आमचं मागच्या दाराचं कुत्रं सगळ्या टेबलांखाली लोळायचं, त्या खुर्चीखाली जायचं नाही. सकाळी झाडू मारताना मी ती खुर्ची टेबलाला लावून ठेवायचो आणि संध्याकाळी ती थोडी बाहेर सरकलेली असायची, एक माणूस बसेल एवढी. दिवेलागणीला व्होल्टेज उतरून बल्ब विटकरी व्हायचा. तेव्हा खिडकीतून हात घालताना कोणीतरी नुकताच आपला हात मागे घेतला आहे, असं काहीसं वाटायचं. मी पटकन प्यायचो आणि खिडकीची फळी लावून घ्यायचो.

विलास चाकणला एका कंपनीत लागला, तिथेच त्यानं दोन खोल्या घेतल्या. दर दिवाळीला यायचा आणि बापाला न्यायला बसायचा. एका दिवाळीला तो थेट फॅमिली रूममध्ये आला. दुसरी खुर्ची मोकळी होती, पण तो उभाच राहिला.

"बापू, चला ना. एकटे काहून राहता इथं? डॉक्टर हाये तिकडं, नातू हाये."

"एकटा कुठं? तुही याडी, तुही माय, येते इथं."

विलासनं माझ्याकडे पाहिलं. मी फुटाण्याची बशी पुसत होतो.

"ज्या दिवशी तिचा गिलास भरलेला राहील," काका म्हणाले, "त्या दिवशी समजंन की ती गेली. मंग तू म्हणशील तिकडं येतो. बराबर?"

बाहेर येऊन विलास मला म्हणाला, "मॅनेजर, त्यायचं दारूपायी चाललंय हे. भूत न् बीत काही न्हाई. दारू सोडवत न्हाई म्हणून येत न्हाईत."

तेव्हाच सांगायला हवं होतं. भूत मी आहे, उद्यापासून पीत नाही, तू बापाला घेऊन जा. मी म्हणालो, "म्हातारपणी सवयी सुटत नाहीत." विलास एसटीत बसला. त्या संध्याकाळीही मी खिडकीतून हात घातला.

मग ठेकेदाराचं झालं. रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि त्याचा ठेकेदार आपल्या माणसांसह आमच्याकडे बसायचा. मोठा माणूस, आवाजही मोठा. थंडीच्या दिवसांत एकदा त्यानं एक परदेशी ब्रँडी आणली, पोट सुटलेली बाटली, काचेचंच बूच. काकांना म्हणाला, "काका, काकूला जन्मभर हे लाल बुचाचं रॉकेल पाजलं तुमी. आज दोन्ही ठेवू. कोणतं पिते पाहू."

काकांचा चेहरा उतरला. लोक जमले होते. नाही म्हणणं म्हणजे ती येत नाही असं कबूल करणं. त्यांनी खुर्ची झटकली. "ठेवा. तिला विचारून घ्या." पण गरम पाणी ओतताना ते पुन्हा पुन्हा ठेकेदाराच्या बाटलीकडे पाहत होते. त्या रात्रीपर्यंत त्यांना कधी भीती वाटली असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं. आता मला ती दिसली. ती बाई महागाचा गिलास उचलेल, ही भीती. पत्र्याच्या पालात आपण तिला जे दिलं ते कमी होतं, असं सगळ्यांदेखत ठरेल, ही भीती.

टेबलावर दोन गिलास ठेवले, एक लाल बुचाचा, एक ठेकेदाराचा. पडदा ओढला. ठेकेदाराची माणसं पडद्याबाहेर खुर्च्या टाकून बसली. काका नेहमीसारखे मैलाच्या दगडापाशी जाऊन उभे राहिले. मी काउंटरमागे, खिडकीपाशी.

आणि लाईट गेली.

भारनियमनाची वेळ नव्हती. सगळा फाटा एकदम विझला. कोणी हसलं, मग कोणी हसेना. मी फळी सरकवली. आता खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो. माझा हात लाल बुचाकडे जायला हवा होता. तो महागड्याकडे निघाला. तसली ब्रँडी मी जन्मात चाखली नव्हती आणि अंधारात मला दुसरं काही सुचत नव्हतं, थावरूकाकाही नाहीत.

जाताना बोटं अलीकडच्या गिलासाला लागली. तो हलका होता. मी आत चाचपून पाहिलं. रिकामा. काच मात्र अजून गरम होती, आत्ताच कोणी ओठांपासून खाली ठेवावी तशी.

मी हात ओढून घेतला. काउंटरवरच्या बशा खाली पडल्या. त्या आवाजानं बाहेर कोणीतरी देवाचं नाव घेतलं, कंदील आला, पडदा बाजूला झाला. ठेकेदाराचा गिलास काठोकाठ भरलेला, लाल बुचाचा कोरडा. ठेकेदार पोट सुटलेली बाटली टेबलावरच सोडून गेला आणि काम संपेपर्यंत दुसऱ्या हॉटेलात बसला. काका आले, दोन्ही गिलासांकडे पाहिलं, आणि ताठ उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगितलं व्हतं ना. महागाची मुकी हाये."

मी गृहीत धरलं की काकांनीच काहीतरी केलं. अंधारात आले असतील, मागच्या दारानं. याहून जास्त विचार करायला मला आवडत नव्हतं.

पुढच्या थंडीत काकांचा खोकला खरा झाला. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण काका खोकायचेच. मला कळलं ते औषध मागून झाल्यावरही ते खोकत राहिले तेव्हा. पटका सैल झाला, मैलाच्या दगडापर्यंत जाताना ते मध्ये थांबायला लागले. कळमनुरीच्या डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं होतं. काका म्हणाले, "इथंच औषध भेटतं मला."

त्या संध्याकाळी मी ठरवलं. गिलास भरलेला राहील, काका पोराकडे जातील. ब्रँडी गरम होती, वाफ खिडकीपर्यंत येत होती, आणि मी काउंटरच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

काका परत आले. फळीच्या फटीतून मला ते दिसत होते. बसले. समोर भरलेला गिलास पाहिला. मग उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, खुर्चीच्या मागे उभे राहिले, आणि डाव्या हातानं तो गिलास उचलला. भिंतीकडे तोंड केलं, सावकाश प्याले. टॉवेलाच्या टोकानं कड पुसली आणि गिलास होता तिथे ठेवला. परत आपल्या जागी येऊन बसले, खोकले, आणि हाक मारली, "मॅनेजर, येऊन गेली बरं का."

मी आत गेलो. त्या खुर्चीवर मात्र बसवलं नाही.

"काका, आजवर तो गिलास मी पीत होतो."

"ठाऊक हाये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिसापासून. गिलासाला लवंगेचा वास येतो. तिनं जन्मात लवंग खाल्ली न्हाई, दाढ दुखली तरी."

"मग बोलले काहून नाही?" माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा आली.

काका टेबलावरचं पाणी बोटानं पुसत राहिले. "काय बोलू? एक गिलास मागवला की माणूस दारुडा व्हतो, मॅनेजर. दोन मागवले की सर्दी असते. आन् तुमाला बी घरी पिऊ देत न्हाईत. म्हणलं, पिऊ द्या. ऊब राहते." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पर त्या ठेकेदाराच्या दिशी तुमी लाज राखली बरं. महागाचा तसाच ठेवला. म्या मनात म्हणलं, मॅनेजर इमानदार माणूस हाये."

मी गप्प राहू शकलो असतो.

"काका, त्या दिवशी मी प्यालो नाही. मला वाटलं तुम्ही."

"मी दगडापाशी व्हतो. ठेकेदाराचा डायवर माझ्याजवळ व्हता उभा. माझ्याच बिडीवर त्यानं आपली पेटवली."

बल्ब विटकरी झाला होता. काकांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. मीही पाहिलं. कुत्रं मागच्या दारातून आत आलं, उंबऱ्यावर थांबलं आणि परत गेलं. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि काकांकडे पाहून हलताही येत नव्हतं, कारण ते लाजले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखा.

"महागाचा बाजूला ठेवून," ते हळू म्हणाले. "माझंच पिली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीडीवरून विलासला फोन लावायला सांगितला. येतो म्हणाले. आता एकदा पक्कं कळलं आहे, आता जायला हरकत नाही, असं त्यांचं गणित होतं. विलास जीप घेऊन आला. पत्र्याची पेटी आणि गोधडी जीपमध्ये चढली, रस्त्याच्या कामावरचं जुनं घमेलं मात्र त्यानं आणू दिलं नाही. काकांनी रस्त्याकडे एकदा मालकासारखं पाहिलं आणि मला काचेपाशी बोलावलं.

"तिला पुण्याचं मानवायचं न्हाई. ती इथंच राहील. मधून मधून गिलास ठेवत जा."

"ठेवतो, काका."

"आन् लवंग कमी खा. तिला वास आवडत न्हाई."

काका तिकडे फार दिवस राहिले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. हे विलासनं मला फोनवर सांगितलं आणि म्हणाला, दारूनं नेलं माझ्या बापाला, माझ्यापेक्षा त्यायला बाटली जवळची वाटली. मी तेव्हाही फोन कानाला धरून हं हं करत राहिलो.

विलास, तुझे वडील रोज एका गिलासाच्या वर कधी प्यायले नाहीत. दुसरा मी प्यालो. तुझ्यापेक्षा त्यांना बाटली जवळची नव्हती. त्यांना इथून हलू दिलं नाही ते माझ्या रिकाम्या गिलासांनी. त्यांच्या ओसरीत तुझा लहानपणचा एक फोटो होता, तो त्यांनी पेटीत सगळ्यांत वर ठेवला होता, हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

परमिट रूम बंद होऊन बरीच वर्षं झाली. रस्ता इतका रुंद झाला की मैलाचा दगडही त्याखाली गेला. मी मुलीकडे राहतो. थंडीत माझी छाती भरते, तेव्हा डॉक्टरच्या संमतीनं ती गरम पाण्यात चमचाभर ब्रँडी घालून आणते. महागाची आणत होती. मी सांगून लाल बुचाची आणायला लावली. ती गिलास ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. मग मी एकदा खोकतो, खुर्ची खिडकीकडे वळवून बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करतो, आणि मागे काच टेबलाला टेकल्याचा आवाज येतो का, ते ऐकत बसतो.